जुन्या स्पोर्ट्स कारचे दुखणे इंजिनात नसते

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेला माणूस बहुधा आधी इंजिनाची चौकशी करतो. अश्वशक्ती किती, ती वाढवता येईल का, टर्बो बसेल का. पण तीच गाडी रोज कामावर न्यायची असेल आणि अधूनमधून एखाद्या रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर मनसोक्त पळवायचीही असेल, तर हे प्रश्न सर्वात शेवटी यायला हवेत. पंचवीस-तीस वर्षे वयाच्या गाडीत आधी हार मानतात ते रबर, ब्रेक ऑइल, खालचा पत्रा आणि इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा. इंजिनाचे ओतीव लोखंड या सगळ्यांपेक्षा चिवट असते. वयाचा मारा रसायनशास्त्राच्या वाटेने येतो, ट्रॅकचा मारा उष्णतेच्या वाटेने, आणि हे दोन्ही मारे जिथे एकत्र पडतात तिथेच गाडी दगा देते. दुरुस्तीचा पैसाही आधी तिथेच जायला हवा.

हे तपासून पाहायला माझदा एमएक्स-५ इतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. १.६ लिटरचे इंजिन, सुमारे १२० अश्वशक्ती, वजन एक टनाच्या आत, आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या १९९७ पर्यंत बनल्या. जपान, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या हौशी चालकांनी त्या ट्रॅकवर इतक्या झिजवल्या आहेत, की कुठला भाग कधी आणि का निकामी होतो याचे ज्ञान आता पुरते मुरलेले आहे. अमेरिकेत ही गाडी ‘मियाटा’ म्हणून ओळखली जाते आणि ‘स्पेक मियाटा’ नावाची शर्यतच या गाड्यांसाठी आहे. तिथे इंजिनात फारसे फेरफार करायला मुभा नसते, तरीही वर्षानुवर्षे चुरस टिकून आहे.

आधी ब्रेकचे गणित पाहू, कारण सारा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. चालकासह ११०० किलोची गाडी सरळ पट्ट्याच्या टोकाला ताशी १६० किलोमीटरने येते आणि वळणासाठी तिचा वेग ७० वर आणायचा आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने या एका ब्रेकमध्ये सुमारे ८.८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. चांगले टायर असतील तर हे काम साधारण सव्वातीन सेकंदांत होते. म्हणजे तेवढा वेळ ब्रेक सुमारे २७० किलोवॉट शक्तीने काम करत असतात. इंजिनाची कमाल शक्ती ९० किलोवॉटच्या आत आहे. ज्या गाडीला लोक कमी ताकदीची म्हणतात, तिचे ब्रेक प्रत्येक वळणाआधी इंजिनाच्या तिप्पट राबतात. यातला थोडा वाटा हवेचा विरोध उचलतो, बाकी सारी ऊर्जा उष्णता होऊन डिस्कमध्ये उतरते. पुढच्या दोन डिस्कवर सुमारे सत्तर टक्के भार येतो असे धरले आणि प्रत्येकीचे वजन चार किलो मानले, तर एकाच ब्रेकमध्ये डिस्कचे तापमान दीडशे अंशांहून अधिक चढते. ती निवायच्या आत पुढचे वळण आलेले असते. चार-पाच फेऱ्यांत डिस्क चारशे-पाचशे अंशांवर पोहोचते आणि ती उष्णता पॅडमधून, कॅलिपरच्या पिस्टनमधून मागच्या ब्रेक ऑइलपर्यंत झिरपते.

जुन्या गाडीचे वय इथेच नडते. डॉट-४ प्रतीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉल ईथरपासून बनते आणि ते हवेतला ओलावा शोषून घेते. रबरी नळ्यांमधून, झाकणातून पाण्याची वाफ कणाकणाने आत शिरत राहते. ताज्या डॉट-४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की त्याच प्रतीसाठी किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. शहरातल्या रहदारीत हा फरक कधीच कळत नाही, कारण तिथे ऑइल तेवढे तापतच नाही. ट्रॅकवर मात्र कॅलिपरमध्ये ऑइल उकळते आणि वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात खर्च होतो आणि पेडल थेट तळाला टेकते. दोन-तीन वर्षे न बदललेल्या ऑइलवर गाडी ट्रॅकवर नेणे धोक्याचे असते ते यामुळे. ही सगळ्या दुरुस्तीतली सर्वात स्वस्त बाब, आणि तीच सर्वात जास्त वेळा राहून जाते याचे वाईट वाटते. ऑइलसोबत कॅलिपरची सीले आणि रबरी होजही बदलायला हवेत. वय झालेले होज दाबाखाली फुगतात आणि पेडल मऊ लागते.

रबराची कथा टायरांपासून सुरू होते. ऑक्सिजन आणि उष्णतेमुळे रबराच्या लांब साखळ्यांमध्ये नवे दुवे तयार होत जातात, रबर टणक होते आणि पकड जाते. खाचा खोल दिसतात, म्हणून टायर चांगला असे म्हणता येत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी वापरात नसली तरी हे वय वाढतच असते. माझदाने २०१७ साली जपानमध्ये पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ साठी कंपनीतूनच पुनर्बांधणीची योजना जाहीर केली, तेव्हा छताचे कापड आणि लाकडी स्टिअरिंगबरोबर ब्रिजस्टोनकडून मूळ नक्षीचे चौदा इंची टायरही पुन्हा बनवून घेतले. गाडीचा स्वभाव टायरात किती असतो, हे कंपनीच्या अभियंत्यांना पुरते ठाऊक होते.

टायरनंतर सस्पेन्शनचे बुश. डबल विशबोनची सारी भूमिती चाकाचा कोन नेमका राखण्यासाठी असते, आणि बुशमधले रबर चिरले की ती भूमिती कागदावरच उरते. या गाडीतला बुश आतल्या आणि बाहेरच्या पोलादी नळीला चिकटवलेला असतो. सस्पेन्शन वर-खाली होते तेव्हा तो घसरत नाही, पिळला जातो. म्हणून नवा बुश बसवताना त्याचा मुख्य बोल्ट चाकांवर गाडीचे वजन असतानाच शेवटचा आवळायचा असतो. गाडी जॅकवर उचललेली असताना, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांत फाटते. महागडे सुटे भाग घालूनही गाडी लवकरच पुन्हा खडखडू लागते, त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

गंजाकडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहायला हवे, कारण तो बोल्ट सोडून बदलता येत नाही. एमएक्स-५ च्या कापडी छतावरचे पाणी आसनांमागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जाते. त्या नळ्या पाला-कचऱ्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ तुळईत साचते आणि पत्रा आतून खाऊ लागते. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी मोठे असते, म्हणून रंगाला फुगे येतात. बाहेर फुगा दिसतो तोवर आतला पत्रा बहुधा संपलेला असतो. बंद छताच्या गाडीत वाकण्याचा भार काही अंशी छत घेते, इथे ते काम या तुळयांनाच करावे लागते. त्यामुळे तिथे नुसते डेंटिंग-पेंटिंग करून दिलेली गाडी कितीही चकचकीत असली तरी घेऊ नये. रेडिएटरची पारख त्यामानाने सोपी आहे. त्याच्या वरची काळी प्लॅस्टिकची टाकी उष्णतेने तपकिरी-हिरवट झाली असेल, तर ती तडकायच्या बेतात आहे. या इंजिनात कूलंट पुढून शिरतो आणि पुढूनच बाहेर पडतो, त्यामुळे मागचा चौथा सिलिंडर अधिक तापतो. ट्रॅकवर नियमित जाणारे लोक पाण्याचा मार्ग बदलून घेतात ते याचसाठी.

यावर पहिला आक्षेप अस्सलतेचा पुजारी घेईल. मूळ भागच बसवावेत, नाहीतर गाडीचे मोल जाते. संग्रहालयात ठेवायच्या गाडीसाठी हे खरे आहे. रोज चालणाऱ्या गाडीत मात्र टायर, ऑइल, पॅड, होज, बेल्ट हे मुळातच संपण्यासाठी बनवलेले भाग आहेत. त्यांना जपून ठेवणे म्हणजे गाडी जपणे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकाच गाडीकडून दोन कामे होत नाहीत, असे म्हणतात. यात तथ्य आहे, आणि ते पॅडमध्ये सर्वात स्पष्ट दिसते. निव्वळ शर्यतीचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत. पावसाळी सकाळी पहिल्याच सिग्नलला ते धोक्याचे ठरतात. म्हणून एकतर मधल्या प्रतीचे पॅड घ्यावेत किंवा ट्रॅकला जाताना पॅड बदलावेत, ते तासाभराचे काम आहे. चाकांच्या कोनातही तडजोड निघते. दोन अंशांच्या आसपास ऋण कॅम्बर (चाकाचा माथा आत कललेला) ठेवून टो (चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) शून्याच्या जवळ ठेवला, तर वळणावर पकड मिळते आणि रोजच्या वापरातही टायर फार लवकर झिजत नाहीत, कारण टायर खाण्यात टोचा हात कॅम्बरपेक्षा मोठा असतो. खरी अडचण रोल बारची आहे. उघड्या टपाच्या गाडीत ट्रॅकवर तो हवाच. पण रस्त्यावर चालकाच्या डोक्यावर हेल्मेट नसते आणि पोलादी नळी डोक्यामागे काही इंचांवर असते. तिथे साधा फोम उपयोगाचा नाही, आघात शोषणारे कडक पॅडिंगच लागते. रोल बारशिवाय चार पट्ट्यांचा बेल्ट लावणे तर त्याहून घातक. गाडी उलटली तर तो बेल्ट धडाला ताठ उभे धरून ठेवतो. या तडजोडी मान्य नसतील त्याने ट्रॅकसाठी वेगळीच गाडी ठेवावी, हे मी मोकळेपणाने म्हणेन.

प्रदूषणाचा मुद्दाही टाळता येत नाही. जुन्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर थकलेला असेल, तर तिचा धूर शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत जातो. हे दोन्ही भाग बदलणे दुरुस्तीच्या यादीत ब्रेकइतक्याच वर असायला हवे.

एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे विकली गेलेली नाही, आणि तीन वर्षांहून जुनी मोटार सहसा आयात करता येत नाही. पण कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर कुणी जुनी मारुती एस्टीम नेली, तरी वजन जवळपास तेवढेच असल्याने ब्रेकचे गणित तेच राहते.

आता शक्ती वाढवण्याच्या हट्टाकडे येऊ. वाढीव अश्वशक्तीची मजा कोणी नाकारत नाही. पण समजा टर्बोमुळे त्याच सरळ पट्ट्याच्या टोकाचा वेग १६० वरून १८० झाला. वेग आठव्या हिश्श्याने वाढला, पण ७० वर येण्यासाठी जिरवायची ऊर्जा ८.८ लाख ज्यूलवरून साधारण ११.७ लाखांवर गेली, म्हणजे एक तृतीयांशाने वाढली. ती त्याच डिस्कना, त्याच ऑइलला आणि त्याच टायरांना सोसायची आहे. शिवाय वाढीव शक्तीबरोबर रेडिएटरवर पडणारी उष्णताही वाढते, आणि चौथा सिलिंडर आधीच सर्वात गरम असतो. टर्बोच्या खर्चात मोठ्या डिस्क, ब्रेककडे हवा नेणाऱ्या नळ्या, जाड रेडिएटर आणि पाण्याचा बदललेला मार्ग हे सारे धरले नसेल, तर तो खर्च अर्धाच मोजलेला आहे.