प्रक्रियक-क्षमतेची विभागणी

प्रक्रियक-क्षमतेची विभागणी : एकाच मोठ्या संगणकाचे परस्परांपासून अलग असे अनेक आभासी विभाग पाडून त्यांना प्रक्रियकांचा, म्हणजे प्रोसेसरांचा, कार्यकाल वाटून देण्याची पद्धती. प्रत्येक विभागात स्वतंत्र परिचालन प्रणाली चालते. वाटणी करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस हायपरव्हायजर म्हणतात.

आय्‌बीएम कंपनीने १९७२ मध्ये जाहीर केलेल्या व्हीएम/३७० प्रणालीत एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालविता येत. याच कंपनीच्या पॉवर-५ प्रक्रियकांच्या (२००४) सर्व्हरांत एका प्रक्रियकाचा किमान दशांश भागही विभागास देण्याची सोय झाली. त्यापुढील वाढ शतांशांनी करता येते.

येथे प्रक्रियकाचे प्रत्यक्ष तुकडे होत नाहीत. वाटला जातो तो काळ. हायपरव्हायजर १० मिलिसेकंदांचे आवर्तन धरतो. ०·८ प्रक्रियक एवढा हक्काचा वाटा व दोन आभासी प्रक्रियक असलेल्या विभागात प्रत्येक आभासी प्रक्रियकास दर आवर्तनात ४ मिलिसेकंद मिळतात. आभासी प्रक्रियक वाढविले, तर हक्काचा वाटा वाढत नाही, फक्त त्याचे काप पातळ होतात. ०·२ वाटा व एकच आभासी प्रक्रियक असल्यास त्याची पाळी एका आवर्तनाच्या आरंभी व पुढच्याच्या अखेरीस येऊ शकते. मग मध्ये १६ मिलिसेकंद ताटकळावे लागते. तत्काळ उत्तर देणाऱ्या कामांना ही प्रतीक्षा जाचक ठरते.

चालू विभागांच्या हक्कांची बेरीज सामाईक साठ्यापेक्षा अधिक होऊ दिली जात नाही. त्यामुळे हक्काचा वाटा निश्चित असतो. एखाद्या विभागास काम नसेल, तर त्याचा उरलेला काळ इतरांना मिळतो. मर्यादाबद्ध विभाग हा अधिक काळ घेऊ शकत नाही, मर्यादामुक्त विभाग घेऊ शकतो. मागणी अनेकांची असल्यास शिल्लक काळ ० ते २५५ या भारांकांच्या प्रमाणात वाटतात. तो ठरवून दिलेला नसल्यास १२८ धरतात. ‘मर्यादामुक्त’ हे नाव काहीसे फसवे आहे, कारण दोन आभासी प्रक्रियकांचा विभाग दोन प्रक्रियकांहून अधिक क्षमता कधीच वापरू शकत नाही.

शिल्लक काळ हा हक्क नव्हे. महिनाअखेरीस वेतन, हिशेब व अहवाल यांचे विभाग एकाच वेळी कामास लागले की तो आटतो आणि एरवी उसन्या क्षमतेवर वेगाने चालणारा विभाग आपल्या तुटपुंज्या वाट्यावर येतो. म्हणून हक्काचा वाटा सरासरीवरून न ठरविता, एकत्र येणाऱ्या कमाल मागणीच्या वेळी अत्यावश्यक कामास किती काळ लागतो, ते मोजून ठरवितात.