चिखलातील करंडे आणि पावसाची बखर

पेणच्या किंवा रोह्याच्या खारेपाटातील शेतकऱ्याला पाणी गोडे की खारे हे कोणी शिकवावे लागत नाही. उधाणात बांध फुटला की खाडी शेतात शिरते. पुढे पावसाने मीठ धुऊन नेले म्हणजेच तेथे भात होते. पण हजार, पाच हजार वर्षांपूर्वी पाऊस कसा होता, हे कोणाला विचारावे? कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. मोजलेल्या पावसाची आपली आठवण दोनशे वर्षांच्या फारशी पलीकडे जात नाही.

याहून जुनी बखर तळ्यांच्या गाळात आहे. पाण्यातल्या दगडावर जो तपकिरी, बुळबुळीत थर येतो, त्यात डायाटम नावाच्या एकपेशीय वनस्पती असतात. त्यांचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्या जातीचे. आणि दोन भागांचे. कुंकवाच्या करंड्यावर झाकण बसावे तसा एक भाग दुसऱ्यावर बसतो. म्हणून मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात, आणि हे नाव मला मूळ नावापेक्षा सरस वाटते. प्रत्येक जातीच्या कवचावरील नक्षी निराळी. काही जाती गोड्या पाण्यातल्या, काही खाऱ्या. काही उथळ तळाशी चिकटणाऱ्या, काही तरंगणाऱ्या. वनस्पती मरते, कवच तळाशी जाते, त्यावर नवा गाळ बसतो.

संशोधक नळीने हा गाळ उभाच्या उभा काढतात. थराथरातील चिमूटभर गाळ हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तापविला की कुजका पालापाचोळा नाहीसा होतो आणि कवचे उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली तीन-चारशे कवचे ओळखून मोजायची. तांदूळ निवडण्यासारखेच हे काम. तांदूळ निदान डोळ्यांना दिसतो! थराचे वय किरणोत्सारी कार्बनावरून काढतात. अर्थात ओळखायला आधी आजच्या जाती ठाऊक हव्यात. १९५० नंतरच्या दशकात हेमेंद्रकुमार गांधी यांनी कोल्हापूरकडील गोड्या पाण्यातील जातींचे वर्णन केले, ते येथे उपयोगी पडते.

मात्र खाडीकाठी खाऱ्या जाती सापडल्या तर पाऊस आटला म्हणावे की नुसता बांध फुटला? त्यासाठी समुद्रापासून दूरचे, पाण्याला बाहेर वाट नसलेले तळे हवे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे उल्कासरोवर तसे आहे. पण तेथील पाणी इतके अल्कधर्मी की काचेची कवचे त्यात विरघळू शकतात. तेव्हा साक्षीदार दुसरा शोधावा लागला. २००८ साली तेथून सुमारे दहा मीटर गाळ काढला गेला. जर्मन शास्त्रज्ञांबरोबर या अभ्यासात पेणशेजारच्या पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थाही होती. या गाळात गेलुसाइट नावाचे स्फटिक मिळाले. सरोवर आटून पाणी अतिशय खारट झाले तरच ते बनतात. ते दोन काळांतील थरांत होते : सुमारे ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या.

पहिला कोरडा काळ सातशे वर्षांचा, म्हणजे शिवरायांच्या जन्मापासून आजपर्यंत लोटलेल्या काळाच्या पावणेदोनपट. दर वर्षी दुष्काळ पडला असे नव्हे. पण पावसाचे मानच उतरले होते. खारेपाटातील मीठ ज्या पावसाने धुवायचे, त्याच नैर्ऋत्य मोसमी पावसाची ही गोष्ट आहे. आपल्याकडच्या खाजणांतील चिखल याच रीतीने वाचायचा, तर भरतीने आणलेले करंडे आणि गोड्या पाण्याचे करंडे आधी वेगळे निवडावे लागतील.