वरचा जबडा काढला तरी बोलणे परत येते



ऊस विकास अधिकाऱ्याने कवळीवर लेख लिहावा, हे थोडे चमत्कारिकच. पण लागणीच्या नोंदी घेत बांधावर फिरताना जे पाहिले ते सांगणे आम्हांला भाग आहे.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचा, म्हणजे मुकरमायकोसिसचा, आजार आला. ज्यांची रक्तातली साखर वाढलेली होती त्यांना त्याने जास्त गाठले. आपल्या एका जुन्या सभासदांचा वरचा उजवा जबडा त्यात काढावा लागला. जीव वाचला, पण बोलणे गेले. वार्षिक सभेत उठून ताळेबंदावर प्रश्न विचारणारे हे गृहस्थ गट ऑफिसची पायरी चढेनात. आले तर मुलगा बोलायचा, हे खाली मान घालून बसायचे. "तोड कधी?" एवढे दोन शब्द त्यांनी आम्हांला तीनदा विचारले. आम्हांला कळले नाहीत. ओशाळायला झाले.

असे का होते? वरचा जबडा म्हणजे तोंड आणि नाक यांमधला स्लॅबच. तो काढला की मधे भोक पडते. प, ब, त, द, ट, ड, क, ग ही अक्षरे बोलायला तोंडात हवा क्षणभर कोंडावी लागते. फवारणी पंपाचे वायसर गेले की दाब धरत नाही, तसेच हे. हवा नाकातून निसटते आणि बोलणे गेंगाणे होते. म आणि न मूळचेच नाकातले, ते तेवढे नीट येतात. चहाचा घोटसुद्धा नाकातून बाहेर येतो, मग माणूस चारचौघांत जेवायलाही बसत नाही.

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रॉइड यांचा जबडा १९२३ साली व्हिएन्नात कर्करोगापायी कापला, तेव्हापासून १९३९ साली मरेपर्यंत ते अशीच कवळी लावून बोलत. त्यांना ती फार टोचे, हेही खरे.

या कवळीला ऑब्च्युरेटर म्हणतात. दात असतातच, शिवाय वरच्या अंगाला भोकात बसणारा फुगीर भाग असतो. तो बहुधा आतून पोकळ ठेवतात, म्हणजे वजन पेलते. उरलेल्या दातांना आकडे धरून ती बसते; म्हणून ते दात जिवापाड सांभाळावेत. लाईट, म्हणजे रेडिएशन, घेतले असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात उपटू नये, हाड सडण्याची भीती असते.

मुख्य गोष्ट अशी, की दातांच्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधीच भेटावे. तेव्हाच माप घेतले तर टेबलावरच पहिली प्लेट बसवता येते. पुढे आठवडाभराने तात्पुरती कवळी, आणि जखम भरून आकसली की साधारण तीन ते सहा महिन्यांनी कायमची. लाईट घेतलेल्यांना जास्त थांबावे लागते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कृत्रिम दातांचा वेगळा विभाग आहे.

आमच्या सभासदांना हे कुणी आधी सांगितलेच नाही. दोन वर्षे वाया गेली. कवळी बसली त्याच दिवशी घरच्यांना शब्द उमगू लागले. स आणि श मात्र महिनाभर अडत होते. रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचून ते सुधारले. गेल्या सीझनला त्यांनी आम्हांला फोन केला, तोड लांबली म्हणून चांगलेच फैलावर घेतले. शब्द न् शब्द कळला!

कवळी जेवणानंतर काढून धुवावी. उकळते पाणी वापरू नये, आकार बिघडतो. डॉक्टरांनी रात्री काढायला सांगितली असेल तर साध्या पाण्यात ठेवावी, कोरडी नको. तोंड कमी उघडत असेल तर त्यांनी दाखवलेला जबड्याचा व्यायाम चुकवू नये. आणि पुन्हा नाकातून पाणी येऊ लागले, आवाज बदलला किंवा कवळी टोचू लागली, तर घरी कानस लावत बसू नये. लगेच दाखवून घ्यावे. सैल झालेली कवळी भरून घेता येते, आणि आतली जागाही डॉक्टरांच्या नजरेखालून जाते.