न्हाणीघराची मोरी आणि हवेची वाट

गिरगांव, दादर, परळ, लालबाग या भागांतील जुन्या चाळी ज्या काळीं उभ्या राहिल्या, त्या काळीं खोलीच्या कोपऱ्यांत एक मोरी आणि मजल्याच्या टोकाला सर्वांसाठीं संडास, एवढी सोय पुरेशी मानली जात असे. आतां दिवस पालटले आहेत. वृद्ध आईवडिलांना रात्रीं-अपरात्रीं गॅलरीच्या टोकापर्यंत जावें लागूं नये म्हणून अनेक कुटुंबें मोरीच्याच जागीं स्वतंत्र न्हाणीघर व शौचकूप बांधून घेतात. फरशी कोणती, तोटी कोणती, याचा विचार हौसेनें होतो. परंतु भिंतीआड व फरशीखालीं जें राहतें, तें बहुधा गवंड्यावर सोपविलें जातें. न्हाणीघराचें आरोग्य मात्र त्या न दिसणाऱ्या भागावरच अवलंबून असतें.

घरांतील सांडपाण्याचा नळ अखेरीस रस्त्याखालच्या गटाराला मिळतो. तेथें कुजणाऱ्या घाणीपासून दुर्गंधी वायु निघतात; त्यांत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायुहि असतो. पाणी खालीं जावें, पण वायु वर येऊं नये, हें साधण्याची युक्ति सोपी आहे. नळाला वांक देऊन त्यांत थोडें पाणी सतत साचूं द्यावयाचें. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें १७७५ सालीं इंग्लंडांत अशा वांकाच्या शौचकूपाचें पेटंट घेतलें. मुंबईंत मोरीच्या तोंडाशीं जें भांडें बसवितात त्याला कारागीर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, आणि हा शब्द भारतांतील इंग्रजी बांधकामाच्या पुस्तकांतहि रूढ झाला आहे. या ट्रॅपमधील पाण्याचा पडदा सुमारें २ इंचांचा असतो. घर आणि गटार यांच्यामध्यें पहारा करतें तें एवढेंच पाणी.

हा पहारेकरी किती दुबळा आहे, हें एका हिशेबावरून कळेल. वातावरणाचा दाब सुमारें ३४ फूट उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलूं शकतो. २ इंच म्हणजे त्याचा जवळजवळ दोनशेंवा हिस्सा. अर्थात् नळांतील हवेचा दाब शेंकडा अर्ध्यानें घटला, तरी ट्रॅपमधील पाणी ओढलें जाण्याची भीति असते. असा फरक पडण्यास फार कांहीं घडावें लागत नाहीं. तिसऱ्या मजल्यावर कोणी भरलेली बादली एकदम उपडी केली, कीं उभ्या नळांतून कोसळणारें पाणी पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणें काम करतें. त्याच्या मागें हवा विरळ होते, पुढें ती दाबली जाते. मागच्या ओढीनें दुसऱ्या मजल्यावरील ट्रॅप रिता होतो, आणि पुढच्या दाबानें तळमजल्याची मोरी गुडगुडूं लागते. ही गुडगुड म्हणजे नळ हवा मागत असल्याची खूण होय.

ती हवा पुरविणाऱ्या नळाला व्हेंट पाईप म्हणतात. उभा नळ सर्वांत वरच्या जोडापाशीं बंद न करतां, तितक्याच रुंदीनें छपराच्या वर न्यावा. त्याचें तोंड उघडें, खिडक्यांपासून दूर असावें. पक्ष्यांनीं घरटें करूं नये म्हणून त्यावर जाळीची टोपी असावी. एकाच नळाला पुष्कळ घरें जोडलेलीं असल्यास ट्रॅपच्या लगत हवेची निराळी शाखाहि काढावी लागते. चाळींत उभा नळ एकट्याचा नसतो. एका बिऱ्हाडानें हवेची वाट बुजविली, तर चार बिऱ्हाडांना तें भोगावें लागतें. म्हणून शेजाऱ्यांना विश्वासांत घेऊन, परवानाधारक प्लंबरकडूनच मुख्य नळाची जोडणी करून घ्यावी. शौचकूप पावसाच्या नळाला तर कदापि जोडूं नये. मुंबईंत पावसाचे नाले व मैल्याचे नळ वेगळे आहेत. पावसाच्या नळांत सोडलेली घाण शुद्ध न होतां समुद्राकडे जाते.

तपासणी फरशी बसविण्यापूर्वींच व्हावयास पाहिजे. प्रथम पाणसळ लावून आडव्या नळांचा उतार पाहावा. ४ फुटांस सुमारें १ इंच उतार असावा. नंतर नळाचें खालचें तोंड बुचानें घट्ट बंद करून नळ पाण्यानें भरावा, पातळीवर खूण करावी, आणि अर्ध्या तासानें पुन्हां पाहावें. पातळी उतरली असल्यास प्रत्येक सांध्यावर कोरडें फडकें फिरवून गळती शोधावी. बिडाच्या जुन्या नळांची परीक्षा धुरानेंहि करतात. प्लॅस्टिकच्या नळांना पाण्याचीच परीक्षा योग्य. पूर्वीं पेपरमिंटचें तेल गरम पाण्याबरोबर छपरावरून नळांत ओतून घरांत वास येतो कीं काय, हें पाहत असत. तेल ओतणारानें मात्र परीक्षा संपेपर्यंत घरांत पाऊल ठेवावयाचें नसे, कारण त्याच्या अंगाच्या वासानेंच परीक्षा फसे.

अखेरची परीक्षा सर्व भांडीं बसल्यावर करावी. ट्रॅप भरून घ्यावे, वरच्या मजल्यावर दोन बादल्या एकदम ओतावयास सांगावें, आणि ट्रॅपमधील पाणी किती उतरलें तें काडीनें मोजावें. १ इंचाहून अधिक उतरलें, तर हवेची वाट कोठें तरी अडली आहे असें समजावें. पाणी लवकर वाहून जात नाहीं म्हणून पुष्कळ ठिकाणीं ट्रॅपमधील वाटीच काढून ठेवतात. वाटी गेली कीं पाण्याचा पडदाहि जातो.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां गटारांतील दूषित हवेचा संशय घेऊन गटारें कार्बोलिक ॲसिडानें धुवून काढण्यांत आलीं. पुढें खरें कारण उंदरांवरील पिसवा हें ठरलें. परंतु त्यामुळें ट्रॅपची आवश्यकता कमी होत नाहीं. २००३ सालीं हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतींत ३०० हून अधिक रहिवाशांना सार्स झाला. न्हाणीघरांतील जमिनीचे ट्रॅप सुकलेले होते, व हवा बाहेर फेकणारे पंखे लावतांच नळांतील दूषित तुषार घरांत ओढले जात असावेत, असा तपासाचा निष्कर्ष निघाला.

ट्रॅप सुकणें ही गोष्ट मुंबईंतहि दुर्मिळ नाहीं. मे महिन्यांत परळ-लालबागचीं कित्येक बिऱ्हाडें कोकणांत गांवीं जातात आणि खोलीला महिनाभर कुलूप लागतें. उन्हाळ्यांत तेवढ्या अवधींत ट्रॅपमधील पाणी आटूं शकतें. परत येणाऱ्याचें स्वागत मग दुर्गंधी आणि झुरळें करतात. निघण्यापूर्वीं मोरींत बादलीभर पाणी ओतून वर चमचाभर खनिज तेल सोडावें. त्याच्या थरामुळें पाणी सावकाश आटतें. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवलेली असेल, तर आठवड्याला एक तांब्या पाणी मोरींत ओतण्यास त्याला सांगून ठेवावें.