रविवार आपल्या कतारगामचा

मंडळी, सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला पाहुणे एक प्रश्न हमखास विचारतात. "तुमच्या सुरतेत बघायला काय आहे हो?" आपलं उत्तरही ठरलेलं असतं. "विशेष काही नाही. साड्यांचं मार्केट आहे, पण ते रविवारी बंद. चला, डुमसला जाऊन टोमॅटोची भजी खाऊन येऊ."

मी कतारगामात अठरा वर्षं राहते आहे. आमच्यासारखी इथली बरीच मराठी घरं खानदेशातली. कोणी हिऱ्याच्या कारखान्यात, कोणी लूमवर, कोणी मार्केटमध्ये हिशेबाला. सलग दोन सुट्ट्या आल्या की भुसावळकडे जाणारी गाडी पकडायची आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर गाठायचं. गाव म्हणजे ते, आणि सुरत म्हणजे कामाची जागा. मोठ्यांचं असं निभून जातं. मुलांचं मात्र अवघड होतं. ती जन्मली इथे, गल्लीत गुजराती बोलतात, घरात मराठी. खानदेशात गेली की 'सुरतवाले', आणि इथे 'महाराष्ट्रियन'. मग त्यांचं गाव कोणतं?

म्हणून आमच्या घरात एक नियम केला आहे. महिन्यातला एक रविवार सुरतेचा. मॉल नाही, लांबचा प्रवास नाही. कतारगामपासून रिक्षाने किंवा सिटीलिंकच्या बसने जिथे जाता येईल तिथेच जायचं आणि दिवेलागणीला घरी परतायचं. खर्च म्हणाल तर खाण्याचाच काय तो. या रविवारांतून जे हाती लागलं ते तुमच्यासाठी लिहीत आहे.

सकाळ: गाठिया, पापडी आणि कोनफळ

आपल्या भागात सौराष्ट्रातून आलेली कुटुंबं भरपूर, त्यामुळे रविवारची सकाळ गाठियांची. गरम गाठिया, तळलेली मिरची आणि पपईचा संभारो. ज्यांना मऊ काही हवं त्यांच्यासाठी अस्सल सुरती लोचो आहेच.

नाश्ता झाला की मुलांना घेऊन भाजीबाजारात जा. हिवाळा असेल तर पापडी मागा. कतारगामची पापडी सगळ्या सुरतेत नावाजलेली. उंधियुं करायचं तर दाणेदार हिरवी पापडी कतारगामची हवी, असं जुने सुरती अजून म्हणतात. आज जिथे हिऱ्याचे कारखाने आणि सात-सात मजली इमारती दिसतात, तिथे एके काळी वालपापडीचे मळे होते. हे मुलांना नक्की सांगा. आपण राहतो त्या जमिनीला चव होती, हे त्यांना कळू दे.

नव्याने आलेल्यांसाठी एक सूचना. भाजीवाली 'रताळु' म्हणाली की ते आपलं रताळं नव्हे. ते जांभळं कोनफळ. आपल्या रताळ्याला इथे 'शक्करिया' म्हणतात. 'लीलुं लसण' म्हणजे पातीचा लसूण. मुलांना दोन्ही नावं विचारत विचारत पिशवी भरा. तासाभरात भाषेचा धडा होतो आणि रात्रीच्या भाजीची सोयही.

दुपारच्या आधी: कतारगाम दरवाजाजवळच्या कबरी

कबरस्तानात कोणी सहलीला जातं का, असं तुम्ही म्हणाल. पण कतारगाम दरवाजाच्या रस्त्याला लागून इंग्रजांचं आणि त्याच परिसरात डच व आर्मेनियन लोकांचं जुनं कबरस्तान आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ही ठिकाणं संरक्षित केलेली आहेत. आपण रोज तिथून रिक्षाने जातो आणि वळूनही बघत नाही.

आत गेलात की वाटतं, एखाद्या राजाची समाधी असावी. इंग्रजांच्या भागातली सर्वांत मोठी, घुमटांची दुमजली इमारत ऑक्झिंडेन बंधूंची आहे. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला आणि जॉर्ज १६६९ मध्ये. हा जॉर्ज ऑक्झिंडेन आपल्या इतिहासातला माणूस. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख तोच होता, आणि त्याने वखार लढवून राखली. पुढे १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीकडे आलं तेव्हा त्याचा कारभारही त्याच्याकडेच आला. त्याच आडनावाचा हेन्री ऑक्झिंडेन १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता आणि त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं. शाळेच्या पुस्तकात वाचलेली नावं आपल्या घराजवळ मातीखाली आहेत, हे पाहून मुलं गप्प होतात.

डच भागात बॅरन व्हान रेडेची कबर आहे. तीही भव्य, घुमटाची. इंग्रजांच्या कबरीपेक्षा आपली वरचढ दिसावी म्हणून ती बांधली, असं सांगतात. मेल्यानंतरही व्यापाऱ्यांची चुरस चालूच! हा व्हान रेडे १६९१ मध्ये मुंबईजवळ समुद्रात वारला आणि त्याला सुरतेत आणून पुरलं. मलबारातल्या वनस्पतींवरचा 'हॉर्टुस मलबारिकुस' हा १२ खंडांचा ग्रंथ त्याने तयार करवला. त्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी वैद्य होते. १६७८ च्या पहिल्या खंडात त्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत, कोकणीत छापलेलं आहे. ॲमस्टरडॅमला छापलेल्या पुस्तकात साडेतीनशे वर्षांपूर्वी आपली अक्षरं! वही-पेन्सिल बरोबर न्या. मुलांना घुमट, खांब, कमानी काढू द्या. फाटक लावलेलं असलं तर राखणदाराला विचारा. कबरींवर चढू नका, नावं कोरू नका आणि कचरा परत घरी आणा.

एक अवघड प्रश्न

याच ठिकाणी आमच्या धाकट्याने विचारलं होतं, "मम्मी, शाळेत एक मुलगा म्हणतो, तुमच्या शिवाजीने आमचं गाव लुटलं. खरं आहे?"

हा प्रश्न सुरतेतल्या प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी येतो. पालक एक तर तो टाळतात, नाही तर आवाज चढवतात. मी त्याला तिथल्याच ओट्यावर बसवून जमेल तसं सांगितलं. त्या वेळी सुरत हे मोगलांचं सर्वांत श्रीमंत बंदर होतं. त्याआधी शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता, त्यात मुलूख उजाड झाला होता, आणि महाराजांना राज्य उभं करायला पैसा हवा होता. म्हणून ते १६६४ मध्ये आले आणि पुन्हा १६७० मध्ये. सुरतेतली घरं जळाली, सावकारांचं नुकसान झालं, हेही खरं. त्याच वेळी एका ख्रिस्ती पाद्र्याच्या घराला आणि एका दानशूर, दिवंगत व्यापाऱ्याच्या घराला धक्का लावला नाही, असं बर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशाने लिहिलं आहे. शहराचा मोगल अधिकारी इनायतखान मात्र लोकांना वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला होता. या स्वारीनंतरच शहराला पक्का तट बांधला गेला. लाल दरवाजा, सहारा दरवाजा, कतारगाम दरवाजा ही नावं शहराच्या जुन्या तटबंदीची आठवण आहेत.

संध्याकाळी शेजारच्या बेनना ही गोष्ट सांगितली तर त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "अमे तो त्यारे अमरेलीमां हतां!" खरंच की. आजच्या कतारगामात १६६४ चा सुरती शोधायला गेलं तर सापडणं कठीण. आपणही बाहेरचे, तेही बाहेरचे, आणि शहर दोघांच्या हातांनी चाललेलं. धाकट्याने दुसऱ्या दिवशी शाळेत त्या मुलाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण पुढच्या रविवारी तो मुलगा आमच्याबरोबर किल्ला बघायला आला.

दुपार: तापीकाठचा किल्ला

चौक बाजारातला सुरतेचा किल्ला महापालिकेने दुरुस्त करून लोकांसाठी खुला केला आहे. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना आवर घालण्यासाठी गुजरातच्या सुलतानाच्या हुकमाने खुदावंदखानाने तो १५४० च्या दशकात बांधला. इनायतखान लपला तो हाच. भिंतींची जाडी मुलांना हाताने मोजू द्या. बुरुजावर उभं राहिलं की बंदर कुठे आणि गलबतं कुठून येत असतील याचा अंदाज येतो. तिकीट आणि वेळ महापालिकेच्या संकेतस्थळावर आधी पाहून निघा. सावली शोधत बसण्यापेक्षा पाण्याची बाटली बरोबर असलेली बरी.

संध्याकाळ: कॉजवे आणि आपली तापी

रविवारची संध्याकाळ मात्र सिंगणपोरच्या कॉजवेवरच. पलीकडे रांदेर, अलीकडे आपण. १९९५ मध्ये झालेला हा कॉजवे नुसता रस्ता नाही, तो बंधाराही आहे. भरतीचं खारं पाणी वर येऊ नये आणि शहराला पिण्याचं पाणी साठवता यावं म्हणून तो बांधला. हिवाळ्यात इथे पांढऱ्या कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. लोक हौसेने त्यांना गाठिया टाकतात, पण तळलेलं खाणं पक्ष्यांना चांगलं नाही. नुसतं बघा, मोजा, फोटो काढा. पायात बळ असेल तर पलीकडे जाऊन रांदेरची आलूपुरी खाऊन या.

आमच्या सासूबाईंचं माहेर शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं. सुरतेला आल्या की दोन दिवसांत त्यांना करमेनासं होतं. एकदा त्यांना कॉजवेवर नेलं. कठड्याला धरून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हाई ते आपलीच तापी शे ना!" मुलतापीला उगम पावते, भुसावळ, शिरपूर, प्रकाशा करत उकाईला थांबते आणि मग आपल्या दारात येते. ७२४ किलोमीटरची ही नदी संपता संपता कतारगामला भेटते. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी खानदेशातून आली की आम्ही उकाईची पातळी बघायला लागतो. कॉजवेची पातळी ६ मीटरच्या वर गेली की रस्ता बंद होतो. २००६ च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिला त्यांना हा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. बंद असताना कठड्याशी जाऊन सेल्फी काढण्याचा मोह टाळा.

महिन्यामहिन्याचे बेत

वर्षभराचं टिपण करून फ्रिजवर लावलं तर बेत बुडत नाहीत. आमचं असं आहे:

भाद्रपदात गणपती. सुरतेत सार्वजनिक मंडळं भरपूर. विसर्जन तापीत होत नाही, महापालिका त्यासाठी कृत्रिम तलाव करते. मुलांना ते दाखवा आणि का ते सांगा.

आश्विनात कोजागिरी आणि चंदी पडवो. पौर्णिमेला आपलं मसाला दूध, दुसऱ्या दिवशी सुरती लोक घारी आणि भुसुं घेऊन रस्त्याकाठी सहकुटुंब जेवायला बसतात. शेजाऱ्यांना आदल्या रात्री दुधाला बोलवा. दुसऱ्या दिवशी ते तुम्हाला सतरंजीवर जागा केल्याशिवाय राहणार नाहीत.

थंडीत पोंक, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा. नदीपलीकडे अडाजणला पोंकच्या दुकानांची रांग लागते. लिंबू-मरीच्या शेवेबरोबर खायचा. हुरड्याला आपण शेतावर जातो, इथे शेत शहरात येतं.

जानेवारीत उत्तरायण. १४ आणि १५ तारखेला गच्ची सोडायची नाही. सकाळी तिळगूळ आपला, दुपारी उंधियुं-जिलेबी त्यांची. पक्षी घरट्यांकडे परतायच्या वेळी, पहाटे आणि संध्याकाळी, पतंग खाली घ्या.

उन्हाळ्यात दुपारी घरात आणि संध्याकाळी गोपी तळ्यावर. सोळाव्या शतकात मलिक गोपीने बांधलेलं हे तळं बरीच वर्षं कोरडं पडलं होतं, ते महापालिकेने पुन्हा जिवंत केलं. फार ऊन असेल तर सिटी लाइटचं विज्ञान केंद्र आहे.

मंडळी, यातलं एकही ठिकाण मराठी माणसासाठी वेगळं केलेलं नाही, आणि तेच मला आवडतं. महापालिका आजही मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते, म्हणजे या शहराच्या हिशेबात आपण आहोत. आपल्याही हिशेबात हे शहर असायला हवं. गावाकडची ओढ राहू द्या, दिवाळीला गाडी पकडा, पण मधल्या रविवारी मुलांना नुसतं मोबाइलवर सोडू नका. पुढच्या वेळी पाहुण्यांनी विचारलं की सुरतेत बघायला काय आहे, तर उत्तर मुलांनाच देऊ द्या. आमचा धाकटा आता पाहुण्यांना आधी कबरस्तानात घेऊन जातो. पाहुणे जरा दचकतात, पण येतात.

तुमच्या भागातला, म्हणजे लिंबायत, उधना, पांडेसरा किंवा डिंडोलीचा रविवार कसा असतो, तेही लिहून पाठवा. तिकडच्या रविवारी आम्ही डबा घेऊन येऊ.