दुर्गम क्षेत्रातील बिनतारी संदेशवहन

दुर्गम क्षेत्रातील बिनतारी संदेशवहन म्हणजे जंगल, डोंगर, नदीखोरे अशा ठिकाणी, जेथे दूरध्वनीचे जाळे पोहोचत नाही किंवा आपत्तीत बंद पडते, तेथे रेडिओ लहरींच्या साहाय्याने केलेली संदेशांची देवाणघेवाण होय. वनरक्षकांची गस्त, वणवा विझविणे, वन्यप्राण्यांचा मागोवा, गिर्यारोहण आणि पूरग्रस्तांची सुटका या कामांत तिचा उपयोग होतो. हातातील संच, वाहनावरील संच, पुनःप्रक्षेपक केंद्र आणि उपग्रहाधारित साधने ही तिची प्रमुख अंगे आहेत. साधनांइतकेच महत्त्व संदेश देण्या-घेण्याच्या ठरलेल्या पद्धतीला असते. संच चालू असूनही वेळ, वाहिनी आणि स्थान सांगण्याची रीत आधी ठरली नसेल, तर मदत चुकीच्या जागी पोहोचू शकते.

भौगोलिक पार्श्वभूमी

विदर्भातील यवतमाळ जिल्हा या विषयाचे चांगले उदाहरण आहे. जिल्ह्यातून अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे जातात, तर वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत सखल, काळ्या जमिनीचा प्रदेश आहे. दारव्हा तालुक्यातील बोरी अरब हे गाव यवतमाळ–दारव्हा मार्गावर, अडाण नदीच्या परिसरात वसले आहे. जिल्ह्याच्या दक्षिण भागात टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्ये असून त्यांत सागाचे प्रमाण मोठे आहे. टेकडीच्या माथ्यावर स्पष्ट ऐकू येणारा संच त्याच टेकडीमागील नाल्यात उतरल्यावर मुका होऊ शकतो. पावसाळ्यात पानांनी भरलेले ओले जंगल लहरी अधिक शोषून घेते. उन्हाळ्यापूर्वी पानगळ झाल्यावर हा अडथळा कमी होतो.

लहरींचा प्रवास

जमिनीवरील संपर्कासाठी मुख्यतः अतिउच्च वारंवारतेच्या, म्हणजे ३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या (व्हीएचएफ) लहरी वापरतात. त्याहून वरच्या, ३०० ते ३,००० मेगाहर्ट्झच्या (यूएचएफ) लहरींसाठी अँटेना आखूड चालतो, पण घनदाट झाडीत त्या अधिक क्षीण होतात.

या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. त्यामुळे त्यांचा पल्ला शक्तीपेक्षा उंचीवर अधिक अवलंबून असतो. सपाट प्रदेशात अँटेनाच्या उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून त्यास ४.१२ ने गुणल्यास रेडिओ क्षितिजाचे अंतर सुमारे तितके किलोमीटर येते. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरलेल्या संचाचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटर भरते. म्हणून असे दोन संच आदर्श स्थितीतही सुमारे १० किलोमीटरपर्यंतच एकमेकांना ऐकू शकतात. त्यांपैकी एकाच्या जागी ३० मीटर उंच मनोऱ्यावरील अँटेना असेल, तर हे अंतर सुमारे २८ किलोमीटर होते. झाडी, चढउतार आणि इमारती यांमुळे प्रत्यक्ष पल्ला याहून बराच कमी मिळतो. संचाची शक्ती १ वॅटवरून ५ वॅट केल्याने क्षितिज पुढे सरकत नाही. संपर्क तुटल्यास उंच जागी जाणे हा म्हणूनच पहिला उपाय ठरतो.

१५० मेगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी सुमारे २ मीटर असते. खडक व झाडे यांवरून परावर्तित लहरी एकमेकींत मिसळत असल्याने एखाद्या बिंदूवर आवाज नाहीसा होतो आणि एक-दोन पावलांवर पुन्हा मिळतो. अँटेना उभा धरणे आणि संच शरीराच्या आड न ठेवणे यांमुळेही ग्रहण सुधारते.

साधने

हातातील संच (वॉकीटॉकी): हा साधारणपणे १ ते ५ वॅट शक्तीचा असतो. एका वेळी एकच व्यक्ती बोलू शकते. बोलताना कळ दाबावी लागते आणि ऐकताना ती सोडावी लागते.

पुनःप्रक्षेपक (रिपीटर): टेकडीवर किंवा मनोऱ्यावर बसविलेले हे केंद्र एका वारंवारतेवर आलेला संदेश त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर अधिक शक्तीने प्रसारित करते. त्यामुळे एकमेकांना थेट न ऐकू येणारी पथके जोडली जातात. मात्र वीजपुरवठा किंवा अँटेना निकामी झाल्यास सर्व पथके एकाच वेळी तुटतात. यासाठी थेट संपर्काची एक वाहिनी आधीच राखून ठेवतात.

उपग्रहाधारित साधने: उपग्रह दूरध्वनीला आकाश मोकळे दिसावे लागते. दरीत किंवा दाट छत्राखाली त्याचा संपर्क खंडित होतो.

स्थाननिश्चिती यंत्र (जीपीएस): हे यंत्र उपग्रहांचे संकेत फक्त ग्रहण करते. ते धारकास त्याचे स्थान सांगते, पण ते स्थान इतरांना आपोआप कळवत नाही. त्यासाठी वेगळे प्रक्षेपण साधन लागते.

मोबाइल: संकेत क्षीण असताना बोलणे शक्य नसले, तरी लघुसंदेश जाऊ शकतो. त्याला वाहिनी अत्यल्प काळ लागते आणि तो केंद्रात साठवून नंतरही पोहोचविता येतो.

संदेशपद्धती

बोलण्यापूर्वी वाहिनी मोकळी आहे का, हे ऐकून घेतात. कळ दाबल्यावर क्षणभर थांबून बोलतात, अन्यथा पहिला शब्द कापला जातो. प्रथम ज्याला हाक द्यायची त्याचे नाव, नंतर स्वतःचे नाव, असा क्रम असतो. ‘ओव्हर’ म्हणजे माझे बोलणे झाले, उत्तराची अपेक्षा आहे. ‘आऊट’ म्हणजे संभाषण संपले. त्यामुळे ‘ओव्हर अँड आऊट’ हा चित्रपटांतून रूढ झालेला प्रयोग अर्थाच्या दृष्टीने विसंगत आहे. ‘रॉजर’ याचा अर्थ संदेश पूर्ण ऐकू आला एवढाच होतो; त्यातून सहमती व्यक्त होत नाही. एक नमुना संभाषण असे:

“नियंत्रण कक्ष, नियंत्रण कक्ष, येथे गस्त दोन. ओव्हर.”
“गस्त दोन, येथे नियंत्रण कक्ष. बोला. ओव्हर.”
“एक जखमी, पाय मोडला आहे, शुद्धीवर आहे. स्थान पाणवठा क्रमांक पाच-दोन. झोळी हवी. ओव्हर.”
“ऐकले. एक जखमी, पाणवठा पाच-दोन, झोळी. बरोबर का? ओव्हर.”

मराठीत संख्या सांगताना विशेष काळजी घ्यावी लागते. ‘सात’ आणि ‘साठ’ किंवा ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ हे शब्द खरखरीत सहज मिसळतात. म्हणून ‘बावन्न’ न म्हणता ‘पाच-दोन’ असे एकेक अंक उच्चारणे सुरक्षित असते. ऐकणाऱ्याने संदेश परत वाचून दाखविणे हा चूक पकडण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

अक्षांश-रेखांश कोणत्या स्वरूपात आहेत, हेही सांगावे लागते. बोरी अरब–दारव्हा परिसर सुमारे २०.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ‘२०.३०’ हे दशांश अंशांत असेल तर त्याचा अर्थ २० अंश १८ मिनिटे होतो. ऐकणाऱ्याने ते २० अंश ३० मिनिटे समजल्यास शोधपथक सुमारे २२ किलोमीटर उत्तरेस जाईल.

‘मेडे’ हा संकटसंकेत लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी १९२० च्या दशकात सुचविला. फ्रेंच भाषेतील ‘मला मदत करा’ या अर्थाच्या शब्दांशी त्याचे ध्वनिसाम्य आहे. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तो प्रामुख्याने जहाजे व विमाने यांच्यासाठी आहे. जमिनीवरील पथकांत ‘आणीबाणी’ सारखा आधी ठरविलेला शब्दही तेच काम करतो.

विजेची बचत हा पद्धतीचाच भाग आहे. प्रक्षेपणास ऐकण्यापेक्षा कितीतरी अधिक वीज लागते. त्यामुळे पथके ठरलेल्या वेळी, उदाहरणार्थ दर दोन तासांनी, थोडक्यात हजेरी देतात. हजेरी चुकल्यास किती वेळाने शोध सुरू करायचा, हेही आधी ठरवितात.

वन्यजीव संनियंत्रणातील उपयोग

टिपेश्वर अभयारण्यातील टी१-सी१ या तरुण नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावण्यात आली. तो त्याच वर्षी जूनच्या सुमारास अभयारण्याबाहेर पडला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, रस्ते व जंगले ओलांडत डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याचा एकूण प्रवास ३,००० किलोमीटरहून अधिक नोंदला गेला आणि पुढे तो ‘वॉकर’ या नावाने ओळखला जाऊ लागला. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढण्यात आली. कॉलरचे स्थान उपग्रहामार्फत मिळत असले, तरी ती माहिती वाघाच्या वाटेवरील क्षेत्रीय कर्मचाऱ्यांपर्यंत वेळेत पोहोचली तरच गावकऱ्यांना सावध करता येते.

पूरस्थितीतील महत्त्व

जुलै २०२३ मध्ये अतिवृष्टीमुळे यवतमाळ जिल्ह्यात पूर आला. २२ जुलै रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला आणि तेथील लोकांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागविण्यात आली. अशा वेळी किती माणसे, नेमक्या कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या अवस्थेत आहेत, या तीन बाबी बाहेर पोहोचणे निर्णायक असते.

कायदेशीर तरतुदी

भारतात बिनतारी संच बाळगण्यास भारतीय तार अधिनियम, १८८५ आणि भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ यांनुसार परवाना लागत असे. त्यांच्या जागी दूरसंचार अधिनियम, २०२३ करण्यात आला असून त्याची कलमे २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या संचांना २०१८ च्या नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. इतर पट्ट्यांतील संच बाजारात सहज मिळतात म्हणून ते वापरणे वैध ठरत नाही. हौशी रेडिओचा परवाना परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमान-निकोबारमधून संदेश पोहोचविण्यात हौशी रेडिओचालकांनी मोठे काम केले. उपग्रह दूरध्वनी बाळगण्यास केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परवानगी लागते. परवानगीविना तो जवळ आढळल्यास, मग तो पर्यटकाचा का असेना, कारवाई होऊ शकते.

मर्यादा

कोणतेही साधन सर्व ठिकाणी चालत नाही. म्हणून निघण्यापूर्वी मार्ग, परतीची वेळ आणि ती टळल्यास करावयाची कृती मागे राहणाऱ्या व्यक्तीकडे लेखी ठेवणे हा संदेशवहनाचा पहिला टप्पा मानला जातो. संच बंद पडला तरी हा संदेश आधीच पोहोचलेला असतो.