औषध दिलं, तरी बाळ का सुधारत नाही?



पावसाळा सुरू झाला की आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लहान मुलांची रांग लागते. ताप, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ. डॉक्टर तपासतात, औषध देतात आणि बहुतेक बाळं चार दिवसांत खेळायला लागतात. काही बाळं मात्र पंधरवड्याने परत त्याच रांगेत दिसतात. वजन काट्यावर हलत नाही. मग वाडीत बोलणं होतं, "त्या औषधाक गुण नाय."

दरवेळी औषधाचा दोष नसतो. जुलाबाच्या बाळाला ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या मिळाल्या, पण पुराचं पाणी शिरलेली विहीर साफच झाली नाही, तर बाळ पुन्हा तेच पाणी पिणार. वजन कमी म्हणून "चांगलं खायला घाला" असं सांगितलं, पण बाळाचं नाव रेशन कार्डावर नाही आणि मुंबईहून पैसे आलेले नाहीत, तर आई घालणार काय? दुखणं बाळाच्या अंगावर दिसतं, त्याचं मूळ घराच्या अडचणीत असतं. ही अडचण डॉक्टरांच्या कानावर गेली नाही तर उपचार अर्धाच राहतो.

जामखेडची गोष्ट

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच शिकायला मिळाली. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. तेव्हा तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे 176 बाळं वर्षाची व्हायच्या आत दगावत. लोकांना काय हवं ते आरोळ्यांनी विचारलं, तर दवाखाना कुणी पहिला मागितला नाही. लोक म्हणाले, पाणी हवं, अन्न हवं. दुष्काळाचे दिवस होते. मग पाण्यासाठी बोअर मारल्या गेल्या आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी गावात सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला. मुलांचं वजन, लसी, औषधं हे सगळं त्याच्या जोडीला चाललं.

गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या बऱ्याच जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांच्यासोबत महिला मंडळं उभी राहिली. 1990 च्या दशकात त्या गावांतलं बालमृत्यूचं प्रमाण हजारी 30 च्या खाली आलं होतं. एकट्या औषधाने हे झालं नसतं.

दूरदेशीही असंच घडलं. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात 1960 च्या दशकात डॉ. जॅक गायगर आणि त्यांचे सहकारी कुपोषित मुलांच्या चिठ्ठीवर चक्क खाण्याचे पदार्थ लिहून देत. किराणा दुकानदार त्या चिठ्ठीवर माल देत आणि बिल आरोग्य केंद्राच्या औषधांच्या पैशातून भागे. वरच्या अधिकाऱ्यांनी जाब विचारला, तेव्हा कुपोषणावरचं औषध अन्नच आहे, असं गायगर यांनी सुनावलं. पुढे 2015 मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या डॉक्टरांना सांगितलं, की मूल तपासायला आलं की घरात अन्न पुरतं का, हेही विचारा.

डॉक्टरांना काय सांगायचं?

आपल्याकडे ओपीडीत गर्दी असते. डॉक्टरांना प्रत्येक घरचं विचारायला वेळ मिळत नाही आणि आपल्याला सांगायची लाज वाटते. "घरात तांदूळ नाय, ह्या डॉक्टरांक कसा सांगू?" असं मनात येतं. पण ही माहिती खोकला किती दिवसांचा आहे, याइतकीच उपयोगाची आहे. म्हणून जाताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या आणि यातलं जे खरं असेल ते स्पष्ट सांगा:

• महिनाअखेरीस घरातलं धान्य संपतं, बाळाला दिवसातून एकदोनदाच खायला मिळतं.
• पिण्याचं पाणी कुठलं आहे, उकळायला सरपण किंवा गॅस आहे की नाही.
• मी कामाला जाते, दिवसभर बाळ म्हाताऱ्या सासूकडे किंवा मोठ्या बहिणीकडे असतं.
• पुन्हा तपासायला यायचं तर मजुरी बुडते, गाडीभाडं नाही.
• घरात दारू, मारहाण आहे.

डॉक्टरांपुढे बोलवत नसेल तर आशाताईला, नर्सबाईला किंवा अंगणवाडीताईला सांगा. त्या पुढे पोचवतील.

कुठल्या अडचणीला कुठलं दार?

धान्य: प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे 35 किलो धान्य हा अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. म्हणजे प्राधान्य कार्डावर बाळाचं नाव नसेल तर दरमहा 5 किलो धान्य कमी येतं. नाव चढवायला जन्मदाखला लागतो. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करा. चिरेखाणीवर परराज्यातून आलेल्या कुटुंबांनाही त्यांच्या गावच्या कार्डावर इथल्या रेशन दुकानात धान्य मिळू शकतं.

पोषण: सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना, गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीचा आहार मिळतो. त्यासाठी कार्डाचा रंग बघत नाहीत. बाहेरून आलेल्या मजुरांची मुलंही यात येतात. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बाळाचा दंडघेर पट्टीवर 11.5 सेंटिमीटरच्या खाली आला तर तो तीव्र कुपोषणाचा इशारा आहे. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

दवाखान्याचा खर्च: आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. आजारी तान्ह्या बाळासाठी एक वर्षापर्यंत नेण्या-आणण्याची गाडीही मोफत आहे, 102 ला फोन करा. जीव धोक्यात असेल तर 108.

जन्मजात व्यंग, हृदयाला छिद्र, उशिरा बोलणं-चालणं: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

वडील वारले किंवा घर सोडून गेले: बालसंगोपन योजनेतून पात्र मुलाला महिना 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करायचा.

मारहाण, छळ: बाईसाठी 181, मुलासाठी 1098.

गटाने काय करायचं?

दार माहीत असलं तरी तिथवर पोचणं सोपं नसतं. समजा, एका बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायला सांगितलं. तिथे साधारण 14 दिवस राहावं लागतं. आईला जेवण आणि बुडालेल्या मजुरीपोटी थोडी रक्कम मिळते. तरीही चौथ्या दिवशी आई बाळाला घेऊन घरी येते, कारण घरी दुसरं मूल आहे, गोठ्यात गाय आहे, लावणी खोळंबली आहे. ही अडचण कुठलाच डॉक्टर सोडवू शकत नाही. शेजारणी सोडवू शकतात. दोघींनी मोठ्या मुलाला जेवू घालायचं, एकीने गाय बघायची, बाकीच्यांनी तिच्या कोपऱ्यात एक दिवस लावणी करायची. चौदा दिवस निघतात आणि बाळ वाचतं.

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. तेव्हा गटाच्या बैठकीत बचत-कर्जाचा हिशोब झाला की पाच मिनिटं मुलांसाठी ठेवा. कुणाच्या बाळाचं वजन दोन महिने वाढलं नाही, कुणाचं नाव कार्डावर नाही, कुणाला दवाखान्यात सोबत हवी, एवढंच विचारा. ज्या घरी अडचण तातडीची, तिथे ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी वापरता येतो, तसा ठराव घ्या. सावकाराच्या दारात जाण्याआधी ती बाई आपल्याकडे आली पाहिजे. विहिरीचं शुद्धीकरण, गळकी नळयोजना असे प्रश्न गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीपुढे लेखी मांडा आणि पोच घ्या.

एक पथ्य मात्र कडक पाळा. एखादीने घरची उपासमार किंवा मार सांगितला, तर ते बैठकीबाहेर जाता कामा नये. विहिरीवर किंवा बाजारात त्याची चर्चा झाली तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही आणि तिचं बघून दुसरीही गप्प बसेल. जिला सगळ्यांसमोर बोलायचं नसेल, तिने सीआरपी ताईला एकटीला सांगावं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरातल्या सहा वर्षांखालच्या मुलांची कार्डं आणि रेशन कार्ड आणा. दोन्ही शेजारी ठेवून नावं जुळवून बघा. जे नाव राहिलं असेल, त्याचा अर्ज तिथेच भरा.